एकसष्ट प्रकृतीची ज्येष्ठ संख्या

एकसष्ट प्रकृतीची ज्येष्ठ संख्या : (१७६६३१९०४९). ज्या धन पूर्णांकाचा वर्ग दुसऱ्या एखाद्या धन पूर्णांकाच्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा बरोबर १ ने अधिक असतो, अशा पूर्णांकांपैकी सर्वांत लहान संख्या. ती शब्दांत एक अब्ज, शहात्तर कोटी, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार, एकोणपन्नास अशी वाचली जाते. तिच्या जोडीची संख्या २२६१५३९८० (बावीस कोटी, एकसष्ट लक्ष, त्रेपन्न हजार, नऊशे ऐंशी) ही होय. भास्कराचार्य (दुसरे, जन्म इ. स. १११४) यांच्या बीजगणित या ग्रंथात या दोन्ही संख्या उत्तरादाखल आलेल्या असून भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाची नोंद करणारा शिलालेख खानदेशात, जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे.

प्रश्नाचे स्वरूप : क आणि ज हे धन पूर्णांक असून ६१ क² + १ = ज² हे समीकरण पूर्ण करावयाचे आहे. अशा समीकरणांना भारतीय गणितात ‘वर्गप्रकृति’ म्हणतात. त्यातील गुणकाला (येथे ६१) प्रकृति, क ला कनिष्ठ किंवा ह्रस्व मूळ, ज ला ज्येष्ठ मूळ आणि मिळवावयाच्या संख्येला (येथे १) क्षेप अशा संज्ञा आहेत. युरोपीय परंपरेत यालाच पेल समीकरण म्हणतात. प्रकृति ही स्वतः पूर्ण वर्ग असता कामा नये, एवढीच अट असते.

प्रश्न दिसावयास साधा असला, तरी त्याच्या उत्तराचे आकारमान प्रकृतीच्या आकारमानावरून मुळीच सांगता येत नाही. प्रकृति ६० असता कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ (६० × १६ + १ = ९६१). प्रकृति ६२ असता कनिष्ठ ८ व ज्येष्ठ ६३ (६२ × ६४ + १ = ३९६९). प्रकृति ६३ असता तर कनिष्ठ १ व ज्येष्ठ ८ एवढ्यावरच काम भागते. या शेजाऱ्यांच्या मध्ये असलेल्या ६१ ला मात्र दहा अंकी ज्येष्ठ मूळ लागते. १०० पर्यंतच्या कोणत्याही प्रकृतीचे लघुतम ज्येष्ठ मूळ याहून मोठे नाही. भास्कराचार्यांनी एकाच श्लोकात ६७ आणि ६१ या दोन प्रकृतींची उदाहरणे एकत्र घातली आहेत. ६७ चे उत्तर कनिष्ठ ५९६७ व ज्येष्ठ ४८८४२ असे पाच अंकांतच आटोपते. जोडीला ६१ का घेतला, हे ज्याने उदाहरण स्वतः सोडवून पाहिले असेल त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कनिष्ठाच्या जागी १, २, ३, ... अशा संख्या क्रमाने घालून उत्तर शोधू पाहणे येथे निरुपयोगी आहे. एका संख्येच्या पडताळ्यास एक मिनिट धरले आणि अहोरात्र काम चालविले, तर २२६१५३९८० या संख्येपर्यंत पोहोचण्यास सुमारे ४३० वर्षे लागतील. बीजगणित हा ग्रंथ इ. स. ११५० मधील आहे. त्या वर्षी कोणी अशी मोजणी आरंभिली असती, तर ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस संपली असती. अर्थात हे उत्तर शोधलेले नसून घडविलेले आहे, आणि ते कसे घडविले हाच या संख्येच्या अभ्यासातील मुख्य विषय होय.

भावना व चक्रवाल : घडविण्याचे पहिले साधन ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) दिलेली ‘भावना’ ही रीत होय. एकाच प्रकृतीसाठी वेगवेगळ्या क्षेपांची दोन उदाहरणे सोडविलेली असतील, तर त्यांतून तिसरे उदाहरण तयार होते. एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने गुणावे, दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने गुणावे. या दोहोंची बेरीज हे नवे कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतिपट मिळविली की नवे ज्येष्ठ येते. नवा क्षेप हा दोन्ही क्षेपांचा गुणाकार असतो. या रीतीचे महत्त्व असे की, क्षेप ±१, ±२ किंवा ±४ यांपैकी कोणताही हाती आला, तर केवळ भावनेच्या आवृत्तीने क्षेप १ चे उत्तर मिळते. प्रकृति ९२ चे उदाहरण घालून, जो हे वर्षभरात सोडवील तो गणक, असे ब्रह्मगुप्त यांनी म्हटले आहे (९२ × १२०² + १ = ११५१²).

परंतु असा अनुकूल क्षेप हाती यावा कसा, याचे सामान्य उत्तर भावनेत नाही. ते ‘चक्रवाल’ या रीतीत आहे. हातातील उदाहरणावरून एक ‘गुण’ निवडावयाचा. कनिष्ठाला गुणाने गुणून त्यात ज्येष्ठ मिळविले असता येणाऱ्या संख्येस जुन्या क्षेपाने निःशेष भाग गेला पाहिजे आणि गुणाचा वर्ग प्रकृतीच्या शक्य तितका जवळ असला पाहिजे, या त्या निवडीच्या दोन अटी आहेत. पहिल्या अटीसाठी कुट्टकाचा उपयोग होतो. भागाकार हे नवे कनिष्ठ होते. गुणाचा वर्ग आणि प्रकृति यांच्या अंतरास जुन्या क्षेपाने भागले की नवा क्षेप मिळतो. क्षेप सतत लहान ठेवणारी ही क्रिया चक्राप्रमाणे पुनःपुन्हा करावयाची असते, म्हणून तिला चक्रवाल हे नाव पडले. इ. स. १०७३ मध्ये उदयदिवाकर यांनी लिहिलेल्या सुंदरी या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाची याच विषयावरील सूत्रे उद्धृत आहेत. त्यामुळे ही रीत भास्कराचार्यांच्या पूर्वीची ठरते. तिची परिणामकारकता दाखविणारी नेमकी उदाहरणे निवडण्याचे श्रेय मात्र भास्कराचार्यांकडेच जाते.

संख्येची घडण : ६१ चा सर्वांत जवळचा वर्ग ६४ असल्याने कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ व क्षेप ३ असा आरंभ होतो (६१ + ३ = ६४). आता गुण असा हवा की, त्यात ८ मिळविले असता ३ ने भाग जावा. १, ४, ७, १० इत्यादी संख्या चालतील; त्यांपैकी ७ चा वर्ग ४९ हा ६१ ला सर्वांत जवळ आहे. गुण ७ घेतला म्हणजे नवे कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५ आणि नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४ येतो. ज्येष्ठ ३९ मिळते, कारण ६१ × २५ − ४ = १५२१ = ३९². चक्रवालाची एकच फेरी झाली आणि −४ हा अनुकूल क्षेप हाती आला.

येथून पुढे भावना काम करते. दोन्ही मुळांना २ ने भागले असता कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२ व क्षेप −१ होतो. मुळे अपूर्णांकी झाली म्हणून थांबण्याचे कारण नाही. या उदाहरणाची त्याच्याशीच भावना केल्यास कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२ व क्षेप १ मिळतो. परंतु मुळे अद्याप अपूर्णांकीच आहेत. या नव्या उदाहरणाची पहिल्याशी पुन्हा भावना केली म्हणजे कनिष्ठ (५ × १५२३ + १९५ × ३९) ÷ ४ = ३८०५ आणि ज्येष्ठ (३९ × १५२३ + ६१ × ५ × १९५) ÷ ४ = २९७१८ येते. अपूर्णांक नाहीसे झाले, परंतु क्षेप −१ झाला. शेवटी या जोडीची तिच्याशीच भावना केली की कनिष्ठ २ × ३८०५ × २९७१८ = २२६१५३९८० आणि ज्येष्ठ २९७१८² + ६१ × ३८०५² = १७६६३१९०४९ मिळते, व क्षेप १ होतो.

म्हणजे हातात एक फेरी, तीन भावना आणि काही गुणाकार एवढेच काम आहे. दहा अंकी संख्या ही मुळात ५ आणि ३९ या लहानशा जोडीची सहावी ‘घात’ आहे, असे आजच्या भाषेत म्हणता येते. (३९ + ५√६१) ÷ २ या राशीचा सहावा घात केला असता १७६६३१९०४९ + २२६१५३९८०√६१ हीच राशी येते. संख्येचा आकार भयप्रद असला, तरी तिची घडण साधी आहे.

गुणधर्म : वरील घडणीमुळे या संख्येविषयी पुष्कळ गोष्टी मोठे गुणाकार न करता सांगता येतात. २९७१८² ही संख्या ६१ × ३८०५² पेक्षा बरोबर १ ने कमी आहे. त्यामुळे ज्येष्ठातून १ वजा केल्यास २ × २९७१८² आणि ज्येष्ठात १ मिळविल्यास १२२ × ३८०५² अशी बाकी व बेरीज येते. म्हणजे या संख्येच्या अलीकडची संख्या एका वर्गाची दुप्पट, तर पलीकडची संख्या दुसऱ्या वर्गाची १२२ पट आहे. मूळ समीकरणाचा पडताळा यातूनच मिळतो. ज² − १ म्हणजे (ज − १)(ज + १); वरील दोन राशींचा गुणाकार २४४ × २९७१८² × ३८०५² होतो, आणि २४४ = ६१ × ४ असल्याने तो ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)², म्हणजेच ६१ क² होय. एकोणीस अंकी वर्ग मांडून बेरीज-वजाबाकी करण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे.

कनिष्ठाचे अविभाज्य अवयवही यावरून सहज मिळतात. २९७१८ = २ × ३² × १३ × १२७ आणि ३८०५ = ५ × ७६१. म्हणून २२६१५३९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१.

ज्येष्ठ संख्या अविभाज्य नाही. घडणीत मध्येच आलेली १५२३ ही अविभाज्य संख्या तिचा एक अवयव आहे; कारण घन करण्याच्या सूत्रावरून ज्येष्ठ = १५२३ × (१५२३² − ३) ÷ २ असे येते. कंसातील राशीचे अर्ध ११५९७६३ होते आणि त्याचे ११, ५९ व १७८७ असे तीन अविभाज्य अवयव पडतात. अशा प्रकारे १७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७. चारही अवयवांना २४ ने भागले असता प्रत्येक वेळी ११ हीच बाकी राहते, हे लक्षणीय आहे. याचे अंशतः कारण असे की, ज्या अविभाज्य संख्येने २ × २९७१८² + १ या राशीस निःशेष भाग जातो, तिला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ३ एवढीच राहू शकते. चारही वेळा ३ राहिली आहे.

हे लघुतम उत्तर असून पुढची उत्तरे असंख्य आहेत. याच जोडीची तिच्याशी भावना केल्यास पुढचे ज्येष्ठ मूळ २ ज² − १ एवढे, म्हणजे एकोणीस अंकी येते, आणि ही माळ कोठेही संपत नाही. लघुतम जोडीपासून भावनेने मिळत नाही असे क्षेप १ चे एकही पूर्णांकी उत्तर नाही.

आसन्न मूल्य : एका बाजूस ५ आणि दुसऱ्या बाजूस ६ एकक असलेल्या आयताकृती शेताचा कर्ण √६१ एकक असतो. हे मूळ अपरिमेय असल्याने त्याचे मूल्य कोणत्याही अपूर्णांकाने तंतोतंत मांडता येत नाही. परंतु ज्येष्ठास कनिष्ठाने भागले की त्याची उत्तम आसन्न मूल्ये मिळतात. घडणीतील पायऱ्यांवर ३९/५ = ७.८ हे पहिले मूल्य येते. १५२३/१९५ चार दशांश स्थळांपर्यंत, तर २९७१८/३८०५ आठ दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. १७६६३१९०४९ ÷ २२६१५३९८० या अपूर्णांकाचे मूल्य ७.८१०२४९६७५९०६६५४३९ येथपर्यंत, म्हणजे सतरा दशांश स्थळांपर्यंत, √६१ शी जुळते. जमीनमोजणीस यातील पहिली दोन मूल्येच पुरेशी आहेत.

उत्तर एवढे मोठे का येते, याचा उलगडाही √६१ वरूनच होतो. एका अपूर्णांकाच्या छेदात दुसरा, त्याच्या छेदात तिसरा अशी साखळी करून √६१ मांडल्यास ७ नंतर १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ असे अंक येतात व हेच अकरा अंक पुढे अखंड आवर्तत राहतात. √६० व √६२ यांच्या साखळ्यांत केवळ चार-चार अंक आवर्ततात. शिवाय ६१ चे आवर्तन विषम लांबीचे असल्याने पहिल्या आवर्तनाअखेर क्षेप −१ (२९७१८ व ३८०५ ही जोडी) येतो आणि क्षेप १ साठी दुसरे आवर्तन पुरे करावे लागते. ६७ चे आवर्तन दहा अंकांचे, म्हणजे सम असल्याने तेथे एकाच आवर्तनात काम होते.

पाटणचा शिलालेख : भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ रचला, लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. आपले वास्तव्य सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जडविड या नगरात असल्याचे त्यांनीच सांगितले आहे. हे नगर कोणते याविषयी मतभेद आहेत. खानदेशाचा पक्ष बळकट करणारा पुरावा पाटणचा आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या ठिकाणच्या भवानीच्या देवळातील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी इ. स. १८६५ मध्ये प्रसिद्धीस आणला व पुढे कीलहॉर्न यांनी तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात संपादित केला. शं. बा. दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्र (१८९६) या मराठी ग्रंथातही त्याची चर्चा आहे. त्या काळी खानदेश हा धुळे हे मुख्य ठाणे असलेला एकच जिल्हा होता. इ. स. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले व त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले. म्हणून जुन्या लेखनात पाटण केवळ ‘खानदेशातील’ म्हणून येते.

लेख इ. स. १२०७ मधील आहे. देवगिरीच्या यादव सिंघण राजाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने पाटण येथे मठ स्थापला व निकुंभ कुळातील सामंत सोइदेव याने त्यास दान दिले. लेखात त्रिविक्रमापासून मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर व चांगदेव अशी वंशावळ दिलेली आहे. सिद्धांतशिरोमणिप्रमुख ग्रंथांचे तेथे नियमाने व्याख्यान व्हावे, असा मठाचा हेतू सांगितलेला आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून अखेरचा नेमणुकीचा तपशील जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा, तेलाच्या घाण्यांकडून मिळणारे तेल अशा बाबी त्यात मोडतात. बीजगणिताच्या पठणाचा खर्च बाजारपेठेच्या उत्पन्नातून चालावा, ही व्यवस्था भारतीय गणिताच्या इतिहासात फारच थोड्या ठिकाणी अशी लेखी सापडते. याच तालुक्यातील गिरणाकाठच्या बहाळ येथील शके ११४४ च्या लेखात भास्कराचार्यांच्या भावाच्या कुळातील अनंतदेव या ज्योतिष्याचा उल्लेख आहे.

या पुराव्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. १७६६३१९०४९ ही संख्या पाटण येथे प्रथम मांडली गेली, असे शिलालेखावरून सिद्ध होत नाही. काही लोकप्रिय लेखनात तसे विधान केलेले आढळते, ते टिकणारे नाही. ग्रंथ मठाच्या स्थापनेपूर्वी सत्तावन्न वर्षे तयार झालेला होता. तो पाटणला शिकविला जावा अशी तरतूद झाली होती, एवढे मात्र निर्विवाद आहे.

मठाचे पुढे काय झाले हे लेखांतून कळत नाही. ग्रंथाची परंपरा मात्र महाराष्ट्रात चालू राहिली. पार्थपूरचे (पाथरी) सूर्यदास यांनी इ. स. १५३८ मध्ये बीजगणितावर सूर्यप्रकाश ही टीका लिहिली. विदर्भातील दधिग्राम येथील घराण्यातले कृष्ण दैवज्ञ यांची इ. स. १६०० च्या सुमाराची टीका उपपत्तींसाठी विशेष मानली जाते. इ. स. १६३४–३५ मध्ये अताउल्ला रशीदी यांनी ग्रंथाचे फार्सी भाषांतर केले.

युरोपातील पुनःशोध : इ. स. १६५७ च्या फेब्रुवारीत फ्रेंच गणितज्ञ फेर्मा यांनी हाच प्रश्न समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवला आणि फ्रेनिक्ल यांना लिहिताना फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या घेतल्याचे सांगून ६१ व १०९ ही दोन उदाहरणे दिली. ही अर्थातच थट्टा होती. १०९ चे ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९ आहे. भास्कराचार्यांचे उदाहरण फेर्मा यांना ठाऊक असल्याचा पुरावा नाही. दोघांनी पाचशे वर्षांच्या अंतराने ६१ चीच निवड करावी, याचे कारण १०० पर्यंतच्या संख्यांमध्ये तिच्याइतकी अवघड दुसरी नाही, हेच होय. इंग्लंडमध्ये ब्राउंकर व वॉलिस यांनी उत्तराची रीत शोधली. ऑयलर यांनी पुढे ती चुकीने जॉन पेल यांच्या नावावर घातली व ते नाव रूढ झाले. पेल यांचा या समीकरणाच्या उत्तराशी फारसा संबंध नाही. प्रत्येक वर्गेतर प्रकृतीला उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांझ यांनी इ. स. १७६८ च्या सुमारास दिली.

बीजगणित ग्रंथ इंग्रजीत स्ट्रॅची (१८१३, फार्सीवरून) व कोलब्रुक (१८१७, संस्कृतवरून) यांच्या भाषांतरांनी आला, तेव्हा ६१ चे उत्तर फेर्मा यांच्या आधीच मांडलेले असल्याचे युरोपीय गणितज्ञांच्या लक्षात आले. चक्रवालाने प्रत्येक वेळी उत्तर मिळतेच, अशी सिद्धता मात्र भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी इ. स. १९२९–३० मध्ये दिली. फिनलंडमधील गणितज्ञ सेलेनियस यांनी इ. स. १९७५ मध्ये या रीतीची उपपत्ती नव्याने मांडून लहान क्षेप राखण्याच्या तिच्या निवडीमुळे पुष्कळ पायऱ्या कशा गाळल्या जातात, हे दाखविले.